परसातल्या कोंबड्या आणि नाशिकची थंडी: तुमचे प्रश्न

यावेळी आलेले निम्म्याहून जास्त प्रश्न शेवटी एकच आहेत, कोंबडी फुगून बसलीये, काय देऊ? हे "काय देऊ" आधी डोक्यातून काढा. पशुधन पर्यवेक्षक म्हणून दिंडोरी, निफाड, त्र्यंबक अशी सगळी नोकरी गेली माझी, त्यात चुकीचं औषध पाजून घालवलेल्या कोंबड्या खूप बघितल्या, वेगळी ठेवून ऊब दिली म्हणून गेलेली एकही नाही. आणि फुगून बसणं हा काही आजार नाहीये. कोंबडीचं अंग ४१ डिग्रीच्या आसपास असतं, निफाडकडं पारा पाच-सहावर आला की ती पिसं फुलवून त्यात हवा धरते, म्हणजे स्वतःचीच गोधडी करून घेते. सकाळी सातला धडधाकट कोंबडी पण फुगलेलीच दिसणार. दहा वाजले, ऊन अंगावर आलं, समोर दाणे टाकले, तरी ती मान आत घालून फुगलेलीच, तर मग ती आजारी. एवढं बघून मग पुढचं वाचा.

प्रश्न: काका, आमच्या घरामागं सहा गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. थंडी वाढली म्हणून मिस्टरांनी खुराड्याला चारी बाजूंनी ताडपत्री लावली, वरून गोणपाट टाकलं, आत बल्ब पण लावला. तरी आठ दिवस झाले दोघी शिंकतात, रात्री घरघर आवाज येतो, एकीच्या डोळ्यात फेस दिसतो. शेजारच्या काकू म्हणतात आपली सर्दीची गोळी अर्धी करून पाण्यात टाक. टाकू का? (एक गृहिणी, म्हसरूळ)

उत्तर: नको ताई, गोळी अजिबात नको. कोंबडी दीड-दोन किलोची, गोळी माणसाच्या हिशोबाची, आणि तिची अंडी तुम्हीच खाणार. "तरी शिंकतात" असं तुम्ही लिहिलंय ना, तिथं "तरी" नाही, "म्हणूनच" पाहिजे होतं. थंडीपेक्षा त्या ताडपत्रीनं जास्त घोळ केलाय.

आज रात्री जेवणं झाली की एक करा. खुराड्याची ताडपत्री एका बाजूनं उचला, खाली उकिडवं बसा आणि कोंबड्या दांडीवर जिथं बसतात त्या उंचीला नाक न्या. डोळ्यात जरा जरी झणझणलं, तर तो विष्ठेतून उठणारा अमोनिया. उभं राहून वास घेतला तर कळत नाही, दिवसा दार उघडं असताना तर मुळीच नाही. मग पहाटे सहाला पुन्हा जा आणि ताडपत्रीवर आतून हात फिरवा. हात ओला झाला म्हणजे कोंबड्यांनी रात्रभर सोडलेला श्वास आणि विष्ठेतलं पाणी आतच अडकलं. विष्ठेत पाऊण भाग पाणीच असतं, सात पक्ष्यांचं रात्रीचं पाणी किती होतं याचा अंदाज नसतो लोकांना. कोरड्या थंडीत कोंबडी मजेत राहते, ओल्या थंडीत पिसं दमट होतात आणि मग ती गोधडी कामाचीच राहत नाही. वरून अमोनियानं श्वासनळीतलं बारीक केसांचं अस्तर खराब होतं, जे एरवी धूळ आणि जंतू बाहेर ढकलायचं काम करतं, ते बंद पडलं की साधी शिंक सुद्धा छातीत उतरते.

म्हणून आधी छपराच्या लगेच खाली, समोरासमोरच्या दोन बाजूंना, चार-सहा बोटांची फट मोकळी करा. ओली हवा वर जाते आणि तिथून निघून जाते. दांडीच्या उंचीला आणि खाली मात्र वाऱ्याकडची बाजू बंदच ठेवा, झोत अंगावर नको. खालचं ओलं तूस सगळं काढा आणि नवीन कोरडं तूस चार बोटं पसरा, इगतपुरी-घोटीकडच्या भाताच्या गिरणीवर पोत्यानं मिळतं. बरेच जण ओल्या तुसावरच चुना मारतात, तसं करू नका, चुन्यानं उलट अमोनिया जास्त सुटतो. आणि तो बल्ब काढा. मोठ्या कोंबड्यांना बल्बची गरज नसते, शिवाय पिसांची धूळ, सुकं तूस आणि लोंबकळणारी वायर हे आग लागायलाच ठेवलेलं असतं.

आता त्या दोघींचं. त्यांना आजच वेगळ्या करा, आणि दाणा-पाणी आधी बाकीच्यांना, शेवटी या दोघींना, उलट नको. डोळ्यात फेस, घरघर, पण दाणा खातायत, हे हळूहळू चालतं तेव्हा बहुतेक मायकोप्लाझ्मा नावाच्या जंतूची जुनाट सर्दी निघते, ज्याला आमच्यात सीआरडी म्हणायचे. तोंड एका बाजूनं सुजलं, नाकातून घाण वास येणारा चिकट स्राव आला, आणि दोन-तीन दिवसांत एकीचं दुसरीला झालं तर कोरायझा. आणि शिंकेबरोबर हिरवी पातळ विष्ठा, पंख गळालेले, मान वाकडी होणं असं काही दिसलं तर राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी, त्यात मात्र एक दिवस सुद्धा वाट बघायची नाही. पहिल्या दोन्हीत अँटिबायोटिकचा उपयोग होतो, पण कुठलं आणि किती दिवस ते डॉक्टरच ठरवतील, मेडिकलवाला नाही. मानमोडी व्हायरसची, तिला औषधच नाही, लसच. कोलिस्टिन तर २०१९ च्या जुलैपासून कोंबड्यांना द्यायला बंदीच आहे, तरी जुनी पुडी कुणाच्या तरी कपाटात निघते. औषध चालू असताना आणि नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत, शेजारी वाटायची पण नाहीत.

प्रश्न: आमच्या आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) जातीच्या कोंबड्याच्या तुऱ्याची टोकं काळी पडली. मोबाईलवर व्हिडिओ बघितला, त्यात फ्रॉस्टबाइट म्हणतात, व्हॅसलीन लावायला सांगतात. पंधरा दिवस लावतोय, फरक नाही. शिवाय आमच्या कडकनाथ कोंबडीचा तुरा जांभळट दिसतो, तिला पण लावू का? (द्राक्ष बागायतदार, उगाव, ता. निफाड)

उत्तर: दादा, कडकनाथचा तुरा जांभळटच असतो. झाबुआकडची ती जात, तुरा, कातडी, हाडं, मांस सगळंच काळपट, म्हणून तर तुम्ही डबल पैसे मोजले. तिला काही लावू नका.

कोंबड्याचं बघू. ते व्हिडिओ जिथले आहेत तिथं रात्री उणे दहा, उणे वीस होतं, तुरा खरंच गोठतो. आपल्याकडं एखाद्या वर्षी बागेत पानावरचं दव गोठल्याचं तुम्हीही बघितलं असेल, त्यामुळं कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही, पण छपराखाली बसलेल्या कोंबड्याचा तुरा निफाडच्या थंडीनं गोठणं अवघड आहे. आपल्याकडं काळं टोक म्हणजे दहात नऊ वेळा एक तर देवी नाहीतर चोच.

उजेडात धरून बोटानं चाचपा. मसुरीच्या डाळीएवढे खरखरीत फोड, कल्ल्यांवर आणि पापण्यांच्या कडेला पण, म्हणजे देवी. डासांमुळं पसरते, एकमेकांना टोचून पण. फोड खरवडायचे नाहीत, खपलीत व्हायरस असतो आणि तो खुराड्यात महिनोन् महिने टिकतो. रोज हलक्या हातानं पोव्हिडोन आयोडीन लावा, दोन ते चार आठवड्यांत खपल्या आपोआप पडतात. चोच उघडून आत बघायला विसरू नका, आत पिवळट पांढरे चट्टे असतील तर गिळायला आणि श्वासाला त्रास होतो, तेव्हा दवाखाना. आणि फोड नाहीत, नुसती सुकलेल्या रक्ताची तिरकी खोच दिसते, तर दुसरा कोंबडा किंवा एखादी दांडगी कोंबडी शोधा. भांडण लावणारी बहुतेक दांडीवरची जागा असते, दांडी लांब करा.

एक मात्र लक्षात ठेवा, लाल तुऱ्याच्या जातीत टोक नाही तर अख्खा तुरा निळसर पडला आणि पक्षी चोच उघडी टाकून धापा टाकतोय, तर त्याला हवा पुरत नाहीये. तेव्हा व्हिडिओ बघत बसू नका.

प्रश्न: पहाटे साडेचारला आरडाओरडा ऐकून मागं गेलो तर बोक्यानं तलंगीला, म्हणजे तरुण कोंबडीला, धरलं होतं. सोडवली पण पाठीवर कातडी फाटलीये, पंखाखाली पण लागलंय, अंग गार पडलं, डोळे मिटून पडलीये. हळद भरली आणि चमच्यानं दूध पाजायचा प्रयत्न केला तर घेत नाही. वाचेल का? (पाथर्डी फाटा, सिडको)

उत्तर: हे छापून तुमच्या हातात पडेपर्यंत जे व्हायचं ते झालेलं असेल. म्हणून तुम्हाला मी फोनवर सांगितलं होतं तेच इथं सगळ्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण ही वेळ प्रत्येक कोंबडी पाळणाऱ्यावर एकदा तरी येते आणि पहाटेच येते.

जखम दिसते म्हणून आपण जखमेकडं धावतो, पण रक्त भळाभळा वाहत नसेल तर जखम तासभर थांबू शकते. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कपडा दाबून धरा, पाच मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. बाकी तो पहिला तास उबेचा. पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाला जुना टॉवेल, पाण्याच्या बाटलीत गरम पाणी भरून ती मोज्यात घाला आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे जास्त झालं तर तिला सरकता येईल. वरून कापड टाकून अंधार करा, हवेला जागा सोडा, आणि घरातल्या पोरांना दर दोन मिनिटांनी कापड उचलून बघू देऊ नका. अंधारात कोंबडी शांत होते. पायाच्या पंजाला हात लावून बघत रहा, तो गार आहे तोवर तोंडात काही घालायचं नाही. गार पडलेल्या पक्ष्याचं पोट चालत नाही, दाणा आत नुसता पडून राहतो.

आणि चमच्यानं पाजणं तर कायमचं बंद करा. कोंबडीच्या श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच उघडं असतं, चोच उघडून दूध ओतलं की ते सरळ फुफ्फुसात. अशी बोक्यानं सोडलेली आणि मालकानं बुडवलेली कोंबडी मी बघितलीये. पंजे कोमट झाले, डोळे उघडले, की कोमट पाण्यात चिमूट साखर आणि कणभर मीठ टाकून बोट बुडवा आणि चोचीच्या कडेला थेंब लावा. ती स्वतः चोच चाटून गिळेल. तसं तीन-चारदा गिळली की वाटी समोर ठेवा.

मग जखम. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे छोटा चमचा सपाट भरून दीड, आणि सुई काढलेल्या सिरिंजनं धार मारून धुवायची, चोळायची नाही. तुम्ही भरलेली हळद पण धुऊनच काढावी लागते, कारण तिच्या थराखाली काय आहे ते दिसत नाही. हळदीशी माझं वैर नाही, ओरखड्याला लावा, पण फाटलेल्या कातडीच्या खिशात भरायची नाही. कडेची पिसं कात्रीनं कापा, उपटू नका, उपटली की कातडी अजून फाटते. मग पोव्हिडोन आयोडीन बिनदुधाच्या चहाच्या रंगाचं होईल इतकं पाणी घालून लावा. कातडीखाली बोट दाबल्यावर चुरचुर आवाज येत असेल, कागद चुरगळल्यासारखा, तर आत हवा शिरलीये, म्हणजे आतली हवेची पिशवी फाटली असणार, हे घरचं काम नाही.

पट्टी बांधायची तर छातीभोवती करकचून नाही. कोंबडीला आपल्यासारखा पोटातला पडदा नसतो, छातीचं हाड पुढं-मागं हललं तरच तिला श्वास घेता येतो. पिशवीत बांधून आणलेल्या, काखेत आवळून आणलेल्या कोंबड्या दवाखान्याच्या दारात मरतात त्या याच कारणानं.

बोक्याचा दात म्हणजे सुई, बाहेर टाचणीएवढं भोक आणि आत खोलवर पाश्चुरेला नावाचे जंतू. कुत्र्यानं फाडलेली मोठी जखम भयंकर दिसते पण धुता येते, मांजराची बारीक जखम दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी पक्षी संपतो. त्यामुळं मांजराचा दात लागलाय हे नक्की असेल तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन इंजेक्शन, वेदनेचं औषध पण तेच देतील. घरी बाकीच्या कोंबड्यांत लगेच सोडू नका, लाल दिसलं की टोचतात, सख्खी बहीण असली तरी. जाळीच्या पलीकडं, पण एकमेकींना दिसतील अशी ठेवा, म्हणजे पंधरा दिवसांनी परत गेल्यावर परकी वाटत नाही.

तुमच्या तलंगीनं तिसऱ्या दिवशी भिजवलेला भरडा खाल्ला असं तुम्ही नंतर कळवलंत, बरं वाटलं. आता त्या खुराड्याला षटकोनी कोंबडीजाळी आहे ती काढून अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा. बोका एकदा जिथून आला तिथूनच परत येणार, आणि मुंगूस पण.

प्रश्न: सर मी आठवीत आहे. माझी कोंबडी चिंगी कालपासून शेपटी खाली करून उभी राहून राहून बसते, सारखी अंडं घालायला डब्यात जाते आणि तसंच परत येते. आई म्हणते थंडी वाजली. (ओझर)

उत्तर: तुझं निरीक्षण एकदम बरोबर आहे बाळा, आणि असं लिहिलंस म्हणून सांगणं सोपं झालं. चिंगीचं अंडं अडकलंय असं वाटतं. थंडीत, कॅल्शियम कमी पडलं तर, किंवा पहिल्यांदाच अंडं घालणाऱ्या कोंबडीत हे होतं. आईला किंवा बाबांना सोबत घे, एकट्यानं करू नकोस. टबात मनगटाला कोमट लागेल इतकं पाणी घ्या, साधारण ३८ ते ४० डिग्री, आणि चिंगीचा मागचा भाग पंधरा-वीस मिनिटं पाण्यात राहील अशी धरा. सुरुवातीला फडफडेल, मग बहुतेक शांत होऊन डुलकी काढते. नंतर टॉवेलनं पूर्ण कोरडी करायची, हेअर ड्रायर असेल तर लांबून कमी गरम हवा, ओली ठेवली तर अंड्याच्या आधी गारठ्यानं जाईल. मग मागच्या तोंडाला खोबरेल तेल लावून उबदार अंधाऱ्या खोक्यात दोन तास. पोट दाबायचं नाही आणि आत अंडं फोडायचं तर अजिबातच नाही. संध्याकाळपर्यंत आलं नाही तर दवाखाना, ते कॅल्शियम देतील. एरवी एका वाटीत शिंपल्याचा चुरा वेगळा ठेवत जा, जिला पाहिजे ती खाते.

प्रश्न: डिसेंबरमध्ये एक दिवसाची पन्नास पिल्लं आणली. खोलीत बल्ब लावला होता, तरी रोज चार-पाच कोपऱ्यात ढीग करून मेलेली सापडतात. आता शेगडी ठेवावी असं चाललंय. (सिन्नर)

उत्तर: शेगडी ठेवू नका, आधी माझंच ऐका. नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी मी घरी चाळीस पिल्लं आणली होती. जानेवारी, गार वारा, मी मोठा शहाणा, मातीच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवली, दाराच्या फटीत पोतं कोंबलं आणि झोपलो. सकाळी दार उघडलं तर खोली छान उबदार, आणि पिल्लं जिथल्या तिथं, झोपल्यासारखी, एकतीस. ढीग नाही, धडपड नाही. कोळशाचा कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नसतो, आणि पक्षी आपल्यापेक्षा लवकर जातो. द्राक्षबागेत थंडीला शेकोट्या करतात ते उघड्यावर, तो न्याय बंद खोलीला लावायचा नसतो.

आता तुमचा बल्ब कुठला आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण पैज लावतो एलईडी आहे. एलईडी उजेड देतो, ऊब नाही. जुना तारेचा पिवळा बल्ब किंवा ब्रूडरचा खास दिवा पाहिजे, साखळीनं घट्ट टांगलेला, वायरवर लोंबता नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला ३२ ते ३५ डिग्री, मग दर आठवड्याला साधारण तीन डिग्री कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्लं सांगतात. दिव्याखाली ढीग करून चिवचिवाट चालला तर गारठलीत, दिव्यापासून लांब भिंतीला चिकटून चोच उघडी तर जास्त झालं, सगळीकडं पसरून निवांत असली तर बरोबर. पिल्लं गारठ्यानं कमी आणि एकमेकांखाली चेंगरून जास्त मरतात, म्हणून कोपरेच ठेवू नका, पुठ्ठ्याचं गोल कडं करा. पाणी पहिल्या दिवशी कोमट.

आणि पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लसीचा, थेंब चुकवू नका. साधारण चार आठवड्यांनी परत, मग आठव्या आठवड्यात त्याच आजाराच्या आर टू बी लसीचं इंजेक्शन. बाटली शंभर-दोनशे डोसची येते आणि उघडून विरघळवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून "माझ्याकडं दहाच आहेत" म्हणत लोक करतच नाहीत. गल्लीतली चार घरं मिळून एका दिवशी बोलवा, बर्फात आणा, संपलं.

प्रश्न: कोंबडी लंगडते, पायाला लागल्यासारखं दिसत नाही. (मखमलाबाद)

उत्तर: पंजा उलटा करून बघितला का? तळव्यात मधोमध काळी खपली आणि तिच्याभोवती घट्ट गरम सूज असेल तर तळव्यात पू झालाय. उंच दांडीवरून कडक फरशीवर उडी, आणि ओलं तूस, यानं होतं. मिठाच्या कोमट पाण्यात रोज पंधरा मिनिटं पाय बुडवा, पुसून आयोडीन लावा, गॉज ठेवून पट्टी बांधा. आत गाठ कडक असेल तर ब्लेडचे प्रयोग घरी नकोत. दांडी खाली घ्या. तळवा साफ असेल आणि एक पाय पुढं, एक मागं ताणून पडत असेल तर तो मरेक नावाचा व्हायरसचा आजार असू शकतो, तो पायाचा नाहीच मुळी, नसांचा आहे. हाड मोडलं असेल तर आईस्क्रीमच्या काडीला कापूस गुंडाळून आधार द्या आणि दाखवून आणा, पक्ष्यांची हाडं तीनएक आठवड्यांत जुळतात.

आता काही छोटे.

*अंडी बंद झाली, पिसं पण झडतात, आजार आहे का?* दिवस लहान झाला, डिसेंबरात आपल्याकडं अकरा तासांपेक्षा जरा कमीच उजेड मिळतो आणि अंड्यांना चौदा-सोळा तास लागतात. पिसं जुनी टाकून नवीन येतायत. तेल-पाणी नको, शेंगदाण्याची पेंड नाहीतर उकडलेलं अंडं द्या, नव्या पिसांना प्रथिनं लागतात. पण शेपटीखाली पिसांच्या मुळाशी पांढरे पुंजके दिसले तर ती उवांची अंडी.

*ब्रँडीचे दोन थेंब चालतात का?* तुम्हाला चालत असतील. कोंबडीला नाही, दारूनं कातडीकडं रक्त जातं आणि अंगातली ऊब उलट बाहेर पडते.

*उवांसाठी तंबाखूचं पाणी?* विष आहे. चुलीची चाळलेली राख कोरड्या मातीत मिसळून टोपलीभर ठेवा, ती स्वतः लोळते. रात्री टॉर्च मारून दांडीच्या फटी बघा, लाल बारीक किडे दिवसा तिथं लपतात आणि रात्री रक्त पितात. तुरा फिका पडलेली कोंबडी बहुतेक यांचीच गिऱ्हाईक. कोंबडीला औषध लावून उपयोग नाही, फट धुवा.

*सकाळी गळ्याखालची धान्याची पिशवी टम्म असते.* रात्रीतून रिकामी व्हायला पाहिजे. घट्ट असेल तर वाळलेलं गवत अडकलंय, मऊ आणि आंबट वास येत असेल तर आंबलंय. उलटी धरून पिळू नका, तेच परत श्वासनळीत जातं. एक दिवस फक्त पाणी द्या, हलका हात फिरवा, नाहीच उतरलं तर डॉक्टर.

*थंडीत मका द्यावा का?* संध्याकाळी दांडीवर जायच्या आधी मूठभर भरडा, चांगलं. त्याच्यावरच भागवू नका.

प्रश्न: दोन दिवसांत आमच्या नऊपैकी पाच गेल्या. आदल्या दिवशी चांगल्या होत्या. एक कापून खाल्ली तर चालेल का म्हणतात घरचे, बाकीच्या मेलेल्या नाल्याला टाकल्या. (पिंपळगाव बसवंत)

उत्तर: नाही, खायची नाही, आणि नाल्याला टाकलेल्या तिथून काढून खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, हातमोजे आणि तोंडाला फडकं बांधून, नंतर साबणानं हात आणि चपला पण. कावळे-कुत्र्यांनी पसरवलं तर अख्ख्या वस्तीचं जाईल. एकाएकी असे पटापट पक्षी जाणं म्हणजे मानमोडी असेल, पटकी असेल, द्राक्षावर फवारलेलं काही त्यांनी खाल्लं असेल, किंवा बर्ड फ्लू असेल. डोळ्यांनी बघून यातला फरक मलाही सांगता येणार नाही. भारतात बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो २००६ च्या फेब्रुवारीत, आपल्या शेजारी नंदुरबारच्या नवापुरात, आणि २०२१ च्या जानेवारीत परभणीतल्या मुरुंब्यात परत आला होता, त्यामुळं "आपल्याकडं कुठं येतंय" हे म्हणायचं कारण नाही. आजच तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा किंवा १९६२ ला फोन लावा. पुढची मेली तर पुरायच्या आधी विचारा, तिला दोन पिशव्यांत बांधून बर्फाच्या डब्यात ठेवायची असते, फ्रीजरमध्ये नाही, गोठली की तपासणीला खराब होते. नमुने पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातात, बर्ड फ्लूची खात्री भोपाळच्या प्रयोगशाळेत होते. लोक कळवत नाहीत कारण राहिलेल्या पण मारतील अशी भीती असते, मी समजू शकतो, पाच-सहा कोंबड्या म्हणजे घरच्या बाईचा हातखर्च असतो. पण घरात लहान पोरं त्याच अंगणात खेळतात ना. उरलेल्या चार बाहेर सोडू नका, आणि त्यांच्याकडून कुणाला अंडी-पिल्लं देऊ नका.

प्रश्न: कोंबडा पहाटे तीनला आरवतो, थंडीनं असेल का? सोसायटीवाले तक्रार करतात. (गंगापूर रोड)

उत्तर: थंडीचा काही संबंध नाही. त्याचं घड्याळ अंगातच असतं, जपानमध्ये नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये मंद उजेडात कोंबडे ठेवून हे दाखवलंय, पहाट व्हायच्या आधीच ते सुरू होतात. तुमच्याकडं भर पडते ती रस्त्यावरच्या दिव्याची, खुराड्याची ती बाजू जाड कापडानं झाका, अर्धा-पाऊण तास तरी पुढं ढकलेल. आणि झाकताना छपराखालची फट सोडा, नाहीतर म्हसरूळच्या ताईंसारखं पत्र तुमचं पण येईल.